कंबर काचू नये म्हणून: परवान्याच्या शस्त्रासाठी पट्टा आणि होल्स्टर

परवाना मिळेपर्यंत माणूस कागदांच्या मागे असतो. पोलीस ठाण्याची चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग विक्रेत्याचं बिल आणि परवान्यावरची नोंद. एवढं सगळं पार पडून रिव्हॉल्व्हर घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना पहिल्यांदा प्रश्न पडतो, की हे अडकवायचं कुठे? बहुतेक जण शस्त्रासोबत मिळालेलं मऊ रेक्झिनचं होल्स्टर, म्हणजे शस्त्र ठेवायची म्यान, रोजच्या पँटच्या पट्ट्यात ओवतात. दुपारपर्यंत कंबर भरून येते. संध्याकाळी शस्त्र गाडीच्या खणात नाहीतर हातातल्या पिशवीत जातं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

मी काजूच्या धंद्यात आहे. मार्च ते मे लांजा-राजापूरकडच्या वाड्यावाड्यांतून काजू बी घेतो आणि शेतकऱ्याला पैसे रोख लागतात. परवाना त्या कारणाने मिळाला. पहिल्या हंगामात मीही नेमकी हीच चूक केली. एका दुपारी जयगडच्या जेटीवर जीप लावली आणि पलीकडे तवसाळला एकाला भेटायचं म्हणून पायीच फेरीबोटीत चढलो. शास्त्री नदीच्या खाडीत बोट मध्यावर आली आणि सहज हात कमरेवर गेला. तिथे पट्टा होता, पट्ट्याखाली उठलेला वळ होता, शस्त्र नव्हतं. काचतं म्हणून सकाळीच काढून जीपच्या खणात ठेवलं होतं, आणि जीपच्या मागच्या खिडकीची काच अर्धी उघडी होती. तवसाळला न उतरता त्याच बोटीने परत आलो. जीप होती तशीच होती. पण काचतं म्हणून काढलं आणि काढलं म्हणून विसरलो, हा क्रम मला त्या दिवशी कळला. तेव्हापासून नवीन परवानाधारक भेटला की मी शस्त्राबद्दल काही विचारत नाही, आधी त्याच्या कमरेचा पट्टा बघतो.

आधी नियम काय म्हणतो ते

आपल्याकडे खेडोपाडी ज्या बंदुका दिसतात, त्यातल्या बऱ्याच शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या असतात. रानडुकरं आणि माकडं हाकायला घेतलेल्या ठासणीच्या नाहीतर काडतुसाच्या. त्या खांद्यावरून जातात, त्यांचा इथे विषय नाही. हा लेख स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्या आखूड नळीच्या शस्त्राबद्दल आहे, म्हणजे साधारणपणे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ चे शस्त्र नियम आहेत. त्यातला ३२ वा नियम वाचून ठेवा. सार्वजनिक ठिकाणी आखूड शस्त्र न्यायचं, तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या धारकात असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर नीट ताबा असला पाहिजे. म्हणजे पँटच्या कमरेत नुसतं खोचलेलं चालणार नाही, शर्टाबाहेर मूठ दिसली तर चालणार नाही आणि मघाशी सांगितलेला माझा जीपचा खण तर मुळीच चालणार नाही. हळदीला, वरातीला हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे तेही नीट बघा. रत्नागिरी जिल्ह्यापुरता परवाना असेल, तर शस्त्र कमरेला लावून खारेपाटणचा पूल ओलांडून सिंधुदुर्गात जाता येत नाही.

‘पूर्ण झाकलेलं’ हे दोन शब्द पुढच्या प्रत्येक निवडीला लागू आहेत. कपडे, होल्स्टरची उंची, शस्त्राची जागा, सगळं त्यातून ठरतं.

आकडीकडून काय घ्यायचं

कमरेला हत्यार बाळगणं कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. आमच्या बागेत कामाला येणाऱ्या दादांच्या कमरेला सकाळी सातपासून सूर्य मावळेपर्यंत आकडी असते. खाच पाडलेला लाकडाचा तुकडा, दोरीने कमरेला बांधलेला, त्यात पाठीमागे कोयती अडकवलेली, मूठ वर. माणूस माडावर चढतो, काजूखाली तासन्‌तास वाकतो, गडग्यावरून उडी मारतो आणि कोयती कुठे काचत नाही. मी एकदा त्यांची आकडी बांधून बघितली. मी दोरी पोटावर बांधली होती. त्यांनी ती सोडली, खाली ओढून कमरेच्या हाडाच्या अगदी वर टेकवली आणि मला श्वास सोडायला सांगून गाठ मारली. वजन एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. दोरी हाडावर बसली की भार हाडं घेतात. ती मांसावर बसली की भार कातडी घेते आणि दोन तासांत वळ उठतो.

ही बसकण घ्या. आकडीच्या बाकीच्या गोष्टी घेऊ नका. कोयती सैल असते, चालताना खडखडते, पाठीमागे लोंबते, आणि कोयतीला ते चालतं. शस्त्र खडखडलं तर ते होल्स्टरमध्ये सैल आहे. पाठीच्या कण्यावर शस्त्र का ठेवायचं नाही, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: पट्टा

पट्टा आधी घ्या, होल्स्टर नंतर. पैसे कमी असतील तर ते पट्ट्यात घाला.

.३२ रिव्हॉल्व्हरचं वजन साधारण ७०० ग्रॅम असतं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने काढलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचं आहे. वर काडतुसं आणि होल्स्टर. एवढा भार पट्ट्याच्या एका बाजूला, तळहाताएवढ्या जागेत येतो. ऑफिसला जाताना लावतो तो मऊ पट्टा तिथे पिळवटतो, शस्त्राची मूठ अंगापासून बाहेर झुकते, मग माणूस पट्टा आणखी आवळतो आणि दुसऱ्या बाजूचं हाड दुखायला लागतं. दुखणं डाव्या बाजूला आणि कारण उजव्या बाजूला, म्हणून कित्येकांना ते सापडतच नाही.

रुंदी दीड इंच हवी, म्हणजे ३८ मिलिमीटर. चांगल्या होल्स्टरच्या खाचा याच मापाच्या असतात. सव्वा इंची पट्टा खाचेत खाली-वर सरकतो आणि पावणेदोन इंची पट्टा पँटच्या लूपमधून जात नाही. जाडी ४ ते ५ मिलिमीटर, चामड्याचे दोन पदर पाठीला पाठ लावून कडेने शिवलेले. दुकानात पट्टा हातात घेऊन उभा धरा आणि दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना पिळा. ओल्या पंचासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. लांबीच्या दिशेने मात्र तो गुंडाळता आला पाहिजे, नाहीतर कमरेभोवती बसणार नाही.

‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असलेले पुष्कळ पट्टे आतून पुठ्ठ्यासारखे असतात, वर पातळ मुलामा. आपल्याकडच्या पहिल्या पावसाळ्यात पदर सुटतात. मी बाजारपेठेतल्या चर्मकार दादांकडून पट्टा शिवून घेतला. कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं त्यांनी सांगून मागवलं. त्यांनी माप घेतलं ते होल्स्टर लावून, हे महत्त्वाचं. भोकं एकेक इंचावर न पाडता अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाडायला सांगा. सकाळची कंबर आणि जेवणानंतरची कंबर यात अर्ध्या इंचाचा फरक असतोच, आणि तो सोसायला भोक नसलं की माणूस एकतर आवळून घेतो नाहीतर सैल सोडतो. बक्कल पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या. रंग दिलेल्या लोखंडी बक्कलाला खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात गंज धरतो आणि शर्टावर तांबडा डाग उठतो.

दुसरी पायरी: लाकडाचा नमुना, मग होल्स्टर

इंटरनेटवर दिसणारी देखणी होल्स्टरं बहुतेक परदेशी ९ मिलिमीटर पिस्तुलांच्या मापाची असतात. ते बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरची चक्री, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, जाड, नळी आखूड. दुसऱ्याच्या मापाचं होल्स्टर एकतर घट्ट बसतं नाहीतर डगडगतं. तयार मिळालं आणि नेमकं बसलं तर उत्तम. नाहीतर शिवून घ्या.

पण शिवून घेण्यासाठी शस्त्र कारागिराकडे ठेवून येऊ नका. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या ताब्यात शस्त्र देता येत नाही. यावर मला गावच्या सुतारकाकांनी उपाय करून दिला. मी घरी शस्त्र रिकामं केलं, दोनदा तपासलं, जाड कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीने कड ओढली, चक्रीची, मुठीची आणि नळीची जाडी मोजून कागदावर लिहिली. त्यावरून त्यांनी फणसाच्या लाकडाचा नमुना कोरला. चक्रीच्या जागी फुगवटा, चापाच्या कडीच्या जागी सपाट भरीव लाकूड, नळीच्या टोकाला नेम धरायच्या माशीचा उंचवटा. नमुना हलका होता, म्हणून मुठीत आणि चक्रीच्या जागी गिरमिटाने भोकं पाडून त्यात जाळ्याला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या भरल्या आणि काट्यावर ७०० ग्रॅम भरेपर्यंत एकेक घालत गेलो. वरून लाखेने बंद केलं. रंग दिला नाही, लाकूड लाकडासारखंच दिसू द्या. हा नमुना घराबाहेर फक्त कारागिराकडे नेण्यापुरता, तोही पिशवीतून.

चर्मकार दादांनी चामडं पाण्यात भिजवलं, शिवलं, नमुना पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घातला आणि हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने चक्रीच्या कडांवर घासत आकार बसवला. दोन दिवस सावलीत वाळवल्यावर होल्स्टरला नमुन्याचा आकार कायमचा आला.

होल्स्टर घेताना किंवा शिवताना मी काय बघतो, ते सांगतो. सगळ्यात आधी चाप. चापाभोवतीची कडी बाहेरून पूर्ण झाकलेली हवी, आणि झाकणारं चामडं इतकं कडक हवं की बाहेरून बोटाने दाबलं तरी आत चाप हलता कामा नये. मग तोंड. शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ रेक्झिनचं आणि कापडी होल्स्टर इथेच नापास होतं. तोंड मिटतं, शस्त्र परत घालताना कडेची घडी आत दुमडते, ती चापाच्या कडीत शिरते आणि माणूस वरून जोर लावतो. अपघात असे होतात. म्हणून तोंडाला जादा चामड्याची पट्टी शिवलेली असावी. तिसरी गोष्ट, अंगठ्याने उघडणारी बटणपट्टी. मोटारसायकल, होडी, एसटीतली गर्दी, माडाच्या बागेतलं वाकणं, हे सगळं रोजचं असलेल्या माणसाला पट्टीशिवायचं होल्स्टर मी सुचवणार नाही.

प्लास्टिकच्या साच्यातलं होल्स्टरही चांगलं. पाणी धरत नाही, बुरशी नाही. पण ते अंगाच्या आकाराला वळत नाही, उन्हाळ्यात घामाने कातडीला चिकटतं आणि साल काढतं. मी आठ महिने चामडं आणि चार महिने प्लास्टिक वापरतो.

पँटच्या आत की बाहेर? आतलं होल्स्टर सहज झाकलं जातं, पण त्याला पँट कमरेत दीड-दोन इंच मोठी लागते आणि आपल्या हवेत मे महिन्यात ते दुपारपर्यंत भिजून जातं. नवख्याने पट्ट्याबाहेरचं घ्यावं, दोन बाजूंना दोन खाचा असलेलं. पट्टा एका खाचेतून जाऊन शस्त्राच्या मागून दुसऱ्या खाचेतून बाहेर येतो आणि शस्त्राला अंगाकडे ओढून धरतो. मूठ बाहेर झुकत नाही, त्यामुळे साध्या सैल शर्टाखालीही ते दिसत नाही.

तिसरी पायरी: जागा

बेंबी म्हणजे घड्याळातले बारा धरा. उजव्या हाताच्या माणसाला तीन आणि चारच्या मधली जागा योग्य, कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. तिथे अंगाला नैसर्गिक खळगा आहे आणि शस्त्राची चपटी बाजू त्यात बसते. होल्स्टरला पुढच्या बाजूला थोडा कल हवा, १० ते १५ अंशांचा. तेवढ्याने मूठ बरगड्यांत रुतायची थांबते. बरोब्बर हाडावर लावू नका, संध्याकाळपर्यंत ठणका लागेल.

पाठीच्या कण्यावर नको. आपल्या वाड्यांत पाखाडी आहे, जांभ्याच्या पायऱ्या आहेत, जूनपासून त्यांवर शेवाळ धरतं. पाय सटकला की माणूस पाठीवर पडतो, आणि तेव्हा मणक्याखाली पोलादाचा गोळा असता कामा नये. शिवाय एसटीच्या गर्दीत मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. पोटावर, पुढेही नको, निदान पहिलं वर्षभर तरी नको. खाली बसलं की नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे होतं. खांद्याचं होल्स्टर आपल्या घामाला झेपत नाही, आणि त्यात आडवं बसणारं शस्त्र मागे उभ्या माणसाकडे तोंड करून असतं. घोट्यावरचं चिखलात जातं.

गाडीत बसणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याच्या सीटबेल्टचं कुलूप डाव्या कमरेशी येतं, त्यामुळे उजव्या कमरेचं शस्त्र मोकळं राहतं. डावीकडच्या पुढच्या आसनावर बसलात की कुलूप उजव्या कमरेशी येतं आणि मुठीवर आदळतं. चिपळूण ते सावंतवाडी असा लांबचा प्रवास असेल तर मी गाडी स्वतः चालवतो किंवा मागे डावीकडे न बसता उजवीकडे बसतो.

ताईंसाठी वेगळं सांगायला हवं. नितंब रुंद आणि कंबर उंच असेल तर तेच होल्स्टर मुठीला बरगडीत ढकलतं. खाली उतरणारं आणि अंगापासून किंचित सुटलेलं होल्स्टर त्यांना बरं पडतं, पट्टाही थोडा वक्र कापलेला हवा. साडीवर हे सगळं बसत नाही. खांद्याची पर्स हा त्यावरचा उपाय नव्हे. पर्स खुर्चीला अडकवली जाते, मुलं उघडतात.

चौथी पायरी: कपडे

लुंगी, पंचा, नाडीची विजार, इलास्टिकची ट्रॅक पँट, यातलं काहीही ७०० ग्रॅम पेलत नाही. ज्या दिवशी हे नेसायचं, त्या दिवशी शस्त्र कुलपात. पँट जाड सुती, लूप रुंद आणि पक्के शिवलेले. होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना लगेच एकेक लूप येईल असं बघा. नसेल तर शिंप्याकडून एक जादा लूप लावून घ्या, होल्स्टर पुढे-मागे सरकायचं थांबतं. पन्नासेक रुपयांत होणाऱ्या या कामाने मला सगळ्यात जास्त आराम दिला.

आत बनियन हवंच, लांब, पँटमध्ये नीट खोचलेलं. होल्स्टर उघड्या कातडीला लागलं की आधी घामोळं आणि मग साल निघणं ठरलेलं. वरून सैल शर्ट बाहेर सोडलेला, मांडीपर्यंत येणारा, चौकड्यांचा किंवा बारीक नक्षीचा. पांढऱ्या पातळ मलमलीखाली सावली दिसते. मोटारसायकलवर वारा शर्ट उचलतो, तेव्हा वरून चेनचं पातळ जॅकेट.

पाचवी पायरी: घरातले पंधरा दिवस

सुरुवातीला शस्त्र लावून बाहेर पडू नका. पहिला आठवडा होल्स्टरमध्ये लाकडाचा नमुना घाला आणि घरातली सगळी कामं करा. पाटावर मांडी घालून जेवा. विहिरीचं पाणी काढा. माळ्यावर चढा, खाली उतरा. जीपमध्ये बसून हातात पेपर घेऊन अर्धा तास काढा. कुठे रुततं, ते खडूने कमरेवर खूण करून ठेवा आणि रात्री होल्स्टर अर्धा इंच पुढे-मागे करून बघा. बहुतेकांचा त्रास त्या अर्ध्या इंचात सुटतो. नवा पट्टा पहिले आठ दिवस कडक लागतो, ते काचणं नव्हे. काचलं आहे का, हे रात्री आरशात बघून ठरवा. लाली तासाभरात गेली तर ठीक, सकाळीही वळ दिसला तर जागा किंवा माप चुकलंय.

दुसऱ्या आठवड्यात खरं शस्त्र, पण रिकामं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. खाली पलंगावर गादी असताना होल्स्टर हातात घेऊन उलटं धरा आणि झटके द्या. पट्टी उघडी ठेवूनही शस्त्र निसटलं नाही पाहिजे. मग परत आत घालण्याचा सराव. डाव्या हाताने शर्टाचं टोक छातीपर्यंत वर धरा, बोट चापापासून लांब, नळीच्या दिशेने सरळ, डोळ्यांनी तोंड बघा आणि सावकाश आत सोडा. अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा. शर्टाचं टोक, बनियनची कड, जॅकेटची नाडी, खांद्यावरच्या उपरण्याच्या दशा, यातलं काहीतरी आत गेलेलं असतं. हा सराव दिवसाला दहा वेळा पुरतो.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा, ती म्हणजे कमरेला वरून चाचपायचं नाही. नवखा माणूस दर दहा मिनिटांनी कोपराने शस्त्र आहे का ते बघतो आणि सगळ्या बाजाराला कळतं. काचणारं होल्स्टर ही सवय वाढवतं, नीट बसलेलं ती आपोआप घालवतं.

शौचालयाचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पट्टा सोडला की शस्त्राचं वजन पँटला खाली ओढतं. तेव्हा शस्त्र काढून खिडकीच्या फळीवर किंवा टाकीवर ठेवायचं नाही, कारण ते तिथे विसरतं. ते होल्स्टरमध्येच राहू द्या, बटणपट्टी लावलेली, आणि पट्टा गुडघ्यांवर परत अडकवून ताणलेला ठेवा.

कुठे न्यायचं नाही तेही आधी ठरवून ठेवा. काही देवळांत गाभाऱ्याकडे जाताना चामड्याचा पट्टा बाहेर काढावा लागतो, आणि मग शस्त्राचं करायचं काय? गणपतीची पंगत, लग्नघर, शिमग्याची पालखी, जिथे लहान मुलं अंगाखांद्यावर येतात आणि गर्दी अंगाला घासते, तिथे जाताना मी शस्त्र घरच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवतो. दारू घ्यायची असेल त्या दिवशीही कुलपातच.

पावसाळा

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत चामडं कोरडं असं कधी नसतंच. म्हणून एकच नियम सगळ्यात वर ठेवा: शस्त्र रात्री होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेल्या क्षारांचे, आम्लांचे अंश त्यात राहिलेले असतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात चार दिवस शस्त्र होल्स्टरमध्ये राहिलं. काढून बघतो तर अंगाच्या बाजूला, चक्रीच्या कडेवर, तांबूस बारीक पुरळ उठल्यासारखा गंज.

घरी आल्यावर आधी रिकामं करा, सुती फडक्याने पुसा, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि कुलपात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की पुडीतले दाणे गरम करून वाळवावे लागतात. खोबरेल लावू नका, ना शस्त्राला ना होल्स्टरला. शस्त्रावर ते घट्ट होऊन चिकटा धरतं. चामडं खोबरेलाने इतकं मऊ पडतं की होल्स्टरचं तोंड मिटायला लागतं, आणि मग आपण परत रेक्झिनच्या होल्स्टरपाशी येतो.

भिजलेलं होल्स्टर आणि पट्टा चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. कागदाचे बोळे भरून पडवीत, वारा खेळतो तिथे टांगा. चुलीवर वाळलेलं चामडं आक्रसतं, त्याला चिरा पडतात. बुरशी आली तर बाहेर खळ्यात नेऊन कोरड्या फडक्याने झटका, मग ओलसर फडक्याने पुसून सावलीत ठेवा. जमलं तर दोन पट्टे करून आलटून पालटून वापरा. एक अंगावर, एक वाळत.

काडतुसं पट्ट्याच्या चामडी कप्प्यांत ठेवण्याची काहींना हौस असते. आपल्याकडे पितळी तांब्याला कळंक येतो तसा त्या काडतुसांना हिरवा कळंक येतो, आणि असं काडतूस चक्रीत अडकतं. तांब्या चिंचेने घासतो तसं काडतूस घासायचं नाही. कळंकलेलं बाजूला काढा आणि परवानाधारक विक्रेत्याला दाखवा.

निवडणूक लागली की

आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्याकडून शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. जमा करताना होल्स्टर सोबत देऊ नका. शस्त्र रिकामं, पुसलेलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावलेलं, सुती कापडात गुंडाळून द्या, पावतीवर शस्त्राचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते तिथेच वाचून बघा. दीड-दोन महिन्यांनी परत मिळेल तेव्हा आधी गंज बघा, मग लाकडाचा नमुना पुन्हा एक दिवस कमरेला लावून घरात वावरा. तेवढ्या काळात पट्टा वाळून आखडलेला असतो नाहीतर कंबर वाढलेली असते, आणि जुन्या भोकात बक्कल घातलं की पहिल्याच दिवशी काचतं. अर्ध्या इंचाने पुढचं भोक घ्या.